राणीबागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम: जाण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

माझं माहेर लालबागचं. राणीची बाग म्हणजे आमच्यासाठी वाघ, माकडं आणि हत्तीवरची सवारी. त्याच आवारात एक म्युझियम आहे हे ठाऊक होतं, पण सहलीला गेलो की बाई रांगेतून थेट पिंजऱ्यांकडे न्यायच्या. त्या इमारतीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. आता घरी पाहुणे आले की त्यांना हटकून तिथे नेते. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

गेटवेजवळचं, मोठ्या घुमटाचं म्युझियम तेच ना?

नाही. ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनी माणसं ज्याला अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात. ते लोकांसाठी खुलं झालं १९२२ साली. भायखळ्याचं हे त्याच्याहून पन्नास वर्षांनी मोठं. २ मे १८७२ ला उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. लंडनच्या सुप्रसिद्ध म्युझियमला हेच नाव १८९९ मध्ये मिळालं, म्हणजे नावाच्या बाबतीत भायखळा लंडनच्या पुढे होतं. ही गोष्ट सांगितली की लंडनहून आलेले नातेवाईक जरा गप्प होतात.

कसं यायचं?

मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनला उतरून पूर्वेकडे बाहेर पडा. तिथून राणीबाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ऊन असेल तर टॅक्सी करा आणि 'राणीबाग' म्हणा. 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' म्हटलंत तर टॅक्सीवाला एकदा तुमच्याकडे बघेल आणि मग विचारेल, "राणीबाग ना?"

स्टेशनवर उतरल्यावर लगेच पळू नका. ही देशातल्या फार जुन्या स्टेशनांपैकी एक इमारत आहे. तिची डागडुजी करून जुनं रूप परत आणलं गेलं आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ज्या वास्तुविशारद विकास दिलावरींच्या देखरेखीखाली ते काम झालं, त्यांनीच आधी म्युझियमची इमारत सावरली होती. म्हणजे तुमची फेरी प्लॅटफॉर्मवरच सुरू होते.

कुठल्या दिवशी जावं?

बुधवार सोडून कुठल्याही दिवशी. बुधवारी म्युझियम बंद असतं आणि प्राणिसंग्रहालयही. माझ्या नात्यातली तीन कुटुंबं बुधवारीच येऊन फाटकाला हात लावून परत गेली आहेत, म्हणून हे जरा जोरात सांगते. काही सरकारी सुट्ट्यांनाही कुलूप असतं. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, पण तिकिटाची खिडकी त्याआधी बंद होते. पाचला धापा टाकत पोचण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी, उघडल्या उघडल्या जा. रविवारी दुपारी सगळी राणीबाग आत येते आणि लाकडी जिन्यावर दोन्हीकडून माणसं असतात.

तिकीट महाग आहे का?

नाही. चहा-वडापावच्या हिशेबात बसतं. परदेशी पाहुण्यांना जास्त पडतं, मुलांना कमी. बागेचं आणि म्युझियमचं तिकीट वेगवेगळं असतं हे लक्षात ठेवा.

हे भाऊ दाजी लाड कोण?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात कमी लोक विचारतात. माटुंग्याच्या भाऊ दाजी रोडवर आयुष्य काढलेल्या एका काकांना मी विचारलं होतं. "असतील कोणी नगरसेवक," म्हणाले.

भाऊ हे त्यांचं घरचं नाव, दाजी वडिलांचं. मूळचे गोव्याचे, वाढले मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली, तिच्यातले ते एक. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. भाऊंनी महारोगावर देशी वनस्पतींचे उपचार करून पाहिले. इथवर एका भल्या डॉक्टरची गोष्ट झाली. पण हा माणूस दवाखाना मिटला की जुनी नाणी, ताम्रपट आणि शिलालेख घेऊन बसायचा. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख वाचण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कालिदासाचा काळ ठरवण्याच्या वादातही ते होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी खटपट केली, १८५२ मध्ये निघालेल्या बॉम्बे असोसिएशन या राजकीय संस्थेचे ते चिटणीस झाले. विष्णुदास भावे सांगलीहून नाटक घेऊन मुंबईत आले तेव्हा त्यांना हात देणाऱ्यांमध्येही हेच. १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, म्हणजे शहरातलं मानाचं पद त्यांना मिळालं.

म्युझियम उभं करण्यासाठी जी समिती होती तिचे एक चिटणीस जॉर्ज बर्डवुड हे इंग्रज अधिकारी आणि दुसरे भाऊ दाजी. वर्गणी जमवणं, शेठ-सावकारांचे उंबरे झिजवणं ही कामं त्यात आली. इमारत उघडली १८७२ ला आणि १८७४ मध्ये भाऊ गेले. नाव मिळायला मात्र १९७५ उजाडलं. राणी आणि तिचा नवरा पाटीवर शंभरहून जास्त वर्षं राहिले, मग हा डॉक्टर आला.

मग राणीच्या नवऱ्याचा पुतळा अजून आत का आहे?

कारण तो इमारतीचा भाग आहे, आणि काढला तर गोष्ट अर्धी राहील. प्रिन्स अल्बर्टचा हा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराचा. पैसे डेव्हिड ससून यांचे. ससून हे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी, त्यामुळे चौथऱ्यावर हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत. जरा वाकून बघा. इंग्रज राजपुत्र, बगदादी ज्यूची देणगी, नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाईंसारख्यांचा आधार, गोमंतकीय डॉक्टरची धावपळ आणि जागा भायखळ्याची. १८६०च्या दशकातली मुंबई काय चीज होती ते एवढ्या एका कोपऱ्यात कळतं.

म्युझियम भायखळ्यालाच का बांधलं?

सुरुवात इथे झालीच नव्हती. १८५५ साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिकडे पाठवायला इथल्या कारागिरांच्या वस्तू गोळा झाल्या, त्यातूनच मुंबईचा संग्रह उभा राहिला आणि तो फोर्टातल्या लष्करी बराकीत ठेवला गेला. मग १८५७ चा उठाव झाला. बराक सैन्याला हवी झाली आणि वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या. बऱ्याचशांची वाट लागली. पुढच्या वर्षी बर्डवुड क्युरेटर झाले आणि नव्या इमारतीचा विषय निघाला. १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पायाभरणी केली, बागही त्याच साली सुरू झाली. तेव्हा अमेरिकेत यादवी चालली होती आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, मोठमोठी घराणी बुडाली. इमारत पुरी व्हायला दहा वर्षं लागली यात नवल नाही.

आत गेल्यावर आधी काय बघू?

छत. खरंच सांगते. पहिली पाच मिनिटं एकाही कपाटाकडे बघू नका.

बाहेरून इमारत शहाण्यासारखी गप्प आहे. इटालियन धाटणीची, सरळ रेषांची, पिवळसर. दार ओलांडलं की एकदम दोन मजले उंच दालन. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांच्या माथ्यावर पानाफुलांची नक्षी, भोवती सज्जा, कठड्याला लोखंडी जाळी, आणि सगळ्याला पिस्त्याचा फिका हिरवा रंग व सोन्याचा मुलामा. पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटन फरशा. एका मैत्रिणीची आई आत शिरताच म्हणाली, "अगो बाई, हे तर लग्नाचं कार्यालय!" मला ती उपमा अजिबात कमीपणाची वाटत नाही. श्रीमंती दाखवायचीच होती त्यांना.

खांबांना हळूच टकटक करून बघण्याचा मोह होतो. करू नका, रखवालदार बघत असतो.

ही इमारत इतकी नवी कशी दिसते?

कारण एकेकाळी ती फार वाईट दिसत होती. पाणी गळायचं, भिंतींवर रंगाचे थर चढलेले, मूळ नक्षी त्याखाली गाडलेली. म्युझियम महापालिकेचं. २००३ मध्ये पालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि काम सुरू झालं. थर खरवडून जुने रंग शोधले, छतावरची छापील नक्षी परत काढली, मुलामा पुन्हा दिला. वस्तूंचीही एकेक करून दुरुस्ती केली. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत म्युझियम पुन्हा उघडलं. त्यानंतर मध्ये काही वर्षं परत दुरुस्तीसाठी बंद होतं, तेही आता संपलं आहे. मुंबईच्या पावसात दीडशे वर्षांची इमारत म्हणजे घरी म्हातारं माणूस असल्यासारखं आहे. एकदा ऑपरेशन झालं म्हणून सुटका नसते.

कलेचं म्युझियम म्हणता, मग चित्रं कुठे आहेत?

थोडी आहेत. संस्थापकांची आणि शहरातल्या बड्या माणसांची मोठी तैलचित्रं आहेत, शिळाछापं आहेत, नकाशे आहेत. पण हे चित्रांचं दालन नाही. तळमजल्यावर बहुतेक आहे ती कारागिरी: बिदरीचं काम (काळ्या धातूवर चांदीची नक्षी), हस्तिदंत, चंदनी आणि शिंगांवरचं कोरीव काम, चांदी-तांबं, लाखेचं काम, जे. जे. स्कूलच्या नादाने मुंबईत घडलेली चिनीमातीची भांडी. त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली वेलबुट्टी आहे, ती जवळून बघा.

असं का, याचं उत्तर पुन्हा बर्डवुडपाशी येतं. या गृहस्थांचं भारतीय कारागिरीवर मनापासून प्रेम होतं. पण भारतात 'ललित कला' म्हणावी असं काही आहे हे त्यांना मान्य नव्हतं. १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत त्यांनी ध्यानस्थ बुद्धाच्या मूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली आणि मोठा गदारोळ झाला. म्हणजे सुतार, कुंभार, तांबट यांचे हात थोर, पण कलावंत मात्र युरोपातला, असा हिशेब. कपाटांतल्या वस्तू अप्रतिम आहेत. त्या निवडणाऱ्यांचा चष्मा कोणता होता एवढं ध्यानात ठेवून बघितल्या की जास्त रंगत येते.

वरच्या मजल्यावर मातीच्या बाहुल्या आहेत म्हणे. मुलांसाठी?

मुलांना आवडतात, पण त्या खेळणी म्हणून केलेल्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूलचे प्राचार्य सेसिल बर्न्स म्युझियमचे क्युरेटर होते. त्यांच्या काळात मुंबईच्या लोकांच्या छोट्या छोट्या प्रतिकृती करायला घेतल्या. कोण कुठल्या जातीचा, काय धंदा करतो, कसा पेहराव घालतो ते मातीत घडवलेलं. नुसत्या पगड्या दाखवणारी डोकी आहेत. एका ओळीत उभी केली की गल्लीतल्या गल्लीत किती तऱ्हेने डोक्याला कापड गुंडाळत असत ते दिसतं. जहाजांचे नमुने आहेत, पारशांच्या दोखम्याचा, म्हणजे अंत्यविधीच्या मनोऱ्याचा, नमुना आहे, सात बेटं जोडून शहर कसं झालं ते सांगणारे नकाशे आहेत. मी इथे सगळ्यात जास्त रेंगाळते.

माझ्या धाकट्या भाचीने विचारलेला प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. "यात साहेबाची बाहुली कुठाय?" शोधायला लागलो. बघणारा साहेब, बघितले जाणारे आपण. वस्तू त्याच आहेत, नाव बदललं, पाट्यांवर मराठी आली, पण त्या काचेसमोर उभं राहिलं की आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत असा प्रश्न पडतो. पगड्यांमध्ये माझ्या पणजोबांची पगडी दिसली तेव्हा मला अभिमान वाटला आणि जरा विचित्रही वाटलं.

मध्येच काहीतरी आधुनिक ठेवलेलं असतं, ते कळत नाही. काय करू?

इथे आजच्या कलावंतांची प्रदर्शनं भरतात. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, एल. एन. तल्लूर, अतुल डोडिया यांची झाली आहेत. काही वेळा नवी कलाकृती जुन्या कपाटांच्या मधोमधच मांडलेली असते आणि म्हातारी माणसं वैतागतात. "हे काय इथे ठेवलंय?" असं मोठ्यांदा म्हणावंसं वाटलं तर म्हणा. मला वाटतं कलावंतालाही तेच ऐकायचं असतं. कळलं नाही तर पुढे चला, बाजूला बिदरीचा हुक्का आहेच.

बाहेरच्या हिरवळीवर तुटकाफुटका दगडी हत्ती आहे, तो काय आहे?

तोच तो हत्ती, ज्याच्यामुळे घारापुरीला पोर्तुगिजांनी एलिफंटा नाव दिलं! बेटावर उतरलं की समोर उभा असायचा. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली, मग धडही ढासळलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो आणखी फुटला आणि बेत फसला. तुकडे राणीबागेत आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे दिसतात. लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. घारापुरीला बोटीने जाऊन आलेल्यांनासुद्धा ठाऊक नसतं की एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो भायखळ्याला आहे.

आणि मागच्या बाजूचे गोरे पुतळे?

ती साहेबांची म्हातारपणची वसाहत. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांमधून इंग्रजांचे पुतळे काढले, त्यांतले बरेच इथे आणून ठेवले. दोघांची ओळख करून देते.

एक घोड्यावरचा राजा सातवा एडवर्ड, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स. ज्याच्यावरून काळा घोडा भागाला नाव पडलं तो मूळ काळा घोडा हाच. १९६५ मध्ये तो तिथून हलला आणि इथे आला. फोर्टात सध्या उभा आहे तो २०१७ चा, आणि त्याच्यावर स्वार नाही.

दुसरी व्हिक्टोरिया राणी. पुतळा मॅथ्यू नोबलचाच, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. पूर्वी फोर्टाकडे दिमाखात बसलेली असायची. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासून गळ्यात खेटरांची माळ घातली होती. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा वध झाला तो आपण शाळेत शिकतो, ही आधीची गोष्ट पुस्तकात नसते. नातवंडांना इथे उभं करून सांगा.

लहान मुलं कंटाळतील का?

पेंग्विन आधी दाखवलेत तर हमखास. मुलं भिजलेली, दमलेली, आइस्क्रीमसाठी हटून बसलेली असतात. म्युझियम आधी, पेंग्विन नंतर. आत अर्धा तास, पगड्या आणि बोटी, मग हत्ती, मग बाग. मोठ्यांनी नीट बघायचं तर दोन तास धरा.

आजी-आजोबांना जमेल का?

तळमजला आरामात. वर जायला जिना आहे, सावकाश चढावा लागतो. चाकाची खुर्ची असेल तर दारावर आधी सांगा, कर्मचारी मदत करतात. माझ्या सासूबाई खाली अल्बर्टच्या समोर बसून राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्या बघतात. त्यांच्या मते ती चांगली फेरी आहे.

फोटो काढू देतात?

मोबाइलवर फ्लॅश बंद करून काढा. ट्रायपॉड, मोठा कॅमेरा, नवरा-नवरीचे लग्नाआधीचे फोटो, यांना आधी परवानगी लागते. त्या सोनेरी जिन्यावर उभं राहून घागरा पसरायचा मोह मी समजू शकते. तरी नको.

मराठीतून माहिती मिळते का?

वस्तूंजवळच्या पाट्या मराठीतही आहेत आणि मराठी चांगलं आहे, भाषांतर वाटत नाही. माहिती सांगत नेणाऱ्या फेऱ्याही असतात. खिडकीवरच विचारा आणि मराठीतली मागा. मागणारेच कमी असतात.

जवळपास आणखी काय बघता येईल?

फाटकापाशीच ससूनांनी दिलेला घड्याळाचा मनोरा आहे. स्टेशनच्या पश्चिमेला त्यांनीच बांधलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुलांच्या गर्दीत उभा खडा पारसी हा पुतळा, आणि पूर्वेला ग्लोरिया चर्च. बागेतली झाडंही सोडू नका. गोरखचिंचेचा बुंधा बघून मुलं हत्ती विसरतात.

पावसाळ्यात यावं का?

या. छत्री दारात ठेवायला लावतात, आणि बाहेर पडताना आपली म्हणून दुसऱ्याचीच उचलली जाते. छत्रीला रंगीत दोरा बांधून आणा.